हिस्टोस म्हणजे माग

सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात थोडा वेळ उभं राहिलं की ‘हिस्टो’ हा शब्द कानावर पडतो. ‘गाठ हिस्टोला पाठवलीय.’ ‘हिस्टो आला का हो?’ ‘हिस्टो आल्याशिवाय डॉक्टर काहीच बोलंनात.’ बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं की त्याच्यापुरता या शब्दाचा अर्थ एकच आहे: कॅन्सर आहे की नाही. मी त्या ‘हिस्टो’त काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीतून आमच्या टेबलावर येतो आणि त्याची रंगवलेली काच करून आम्ही ती पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. निदान त्यांचं, काच आमची.

पूर्ण शब्द हिस्टोपॅथॉलॉजी. त्यातला ‘पॅथॉस’ म्हणजे दुखणं आणि ‘लॉगोस’ म्हणजे विचार, शास्त्र, हे शिकवताना सगळेच सांगतात. ‘हिस्टो’कडे मात्र ‘म्हणजे टिश्यू, ऊती’ एवढं म्हणून पुढं जातात. मूळ ग्रीक शब्द ‘हिस्टोस’, आणि त्याचा सरळ अर्थ माग. कापड विणायचा माग, आणि त्यावरून मागावरचं कापड. अशोक चौकातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे जाताना ज्याचा खडखडाट शेडच्या भिंती ओलांडून रस्त्यावर येतो, तोच.

माझे वडील पॉवरलूमवर जॉबर होते. माग बंद पडला की तो पुन्हा चालू करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. आमच्या गल्लीत घरं तेलुगू, थोडी कानडी, थोडी आमच्यासारखी मराठी. आम्ही माग म्हणायचो, शेजारचे मग्गम, कोपऱ्यावरचे मग्ग. तिन्ही भाषांना एकाच शब्दाचं वळण, त्यामुळं मागाबद्दल भांडताना कुणाला दुभाषा लागला नाही. अशा घरातली मुलगी शिकून बाहेर पडली आणि मागाच्याच नावाच्या खात्यात लागली. हे मी वडलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग पगार पण मीटरवर देतेत का?”

हिस्टोस हा शब्द ‘उभं करणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. ग्रीकांचा माग भिंतीला टेकवून उभा असायचा. वरच्या आडव्या दांड्यावरून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे खाली सोडलेले आणि ते ताठ राहावेत म्हणून त्यांच्या टोकांना मातीची किंवा दगडाची वजनं बांधलेली. उभं केलेलं ते हिस्टोस, म्हणून जहाजाच्या डोलकाठीलाही हाच शब्द. होमरच्या ‘ओडिसी’त दोन्ही अर्थ आहेत: नवरा समुद्रावर हिस्टोसच्या शिडाखाली भटकतोय आणि बायको घरी हिस्टोसपुढं उभी आहे. ही पेनेलोपी सासऱ्यासाठी कफन विणत असते. ते पुरं झालं की दुसरं लग्न करीन, असं मागणी घालणाऱ्यांना सांगते, आणि दिवसा विणलेलं रात्री उसवते. तीन वर्षं हे खपतं, चौथ्या वर्षी पकडली जाते. मागाची जराही माहिती असलेला एक माणूस त्या मागणी घालणाऱ्यांत असता, तर पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. आमच्याकडं पाळी संपल्यावर शेठ आधी कापड मोजतो.

आता हा माग माणसाच्या शरीरात कसा शिरला?

त्याचं श्रेय बरंचसं झाव्हिये बिशा या फ्रेंच माणसाला जातं. जन्म 1771, मृत्यू 1802. एकतीस वर्षंही पुरी झाली नाहीत. तोवर वैद्य रोगाचा विचार अवयवानं करायचे: हृदयाचा रोग, पोटाचा रोग. बिशानं शेकडो प्रेतं उघडली आणि अवयवांचे पदर वेगळे करायला घेतले. तो ते उकळायचा, वाळवायचा, आम्लात टाकायचा, पाण्यात कुजवून बघायचा. त्याच्या लक्षात आलं की अवयव वेगवेगळे असले तरी त्यांत वापरलेलं ‘कापड’ तेच तेच असतं. फुप्फुसाला गुंडाळलेला पातळ पडदा आणि पोटातल्या आतड्यांवरचा पडदा एकाच जातीचे, म्हणून त्यांचे आजारही सारखे. या कापडाला त्यानं फ्रेंचमधला रोजचा शब्द लावला, ‘तिस्यू’, म्हणजे विणलेलं. असे 21 प्रकार त्यानं मोजले आणि 1801 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ काढला. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी. सूक्ष्मदर्शकावर त्याचा भरवसाच नव्हता. त्या काळच्या भिंगांतून कडांना रंगीत झालर दिसायची, त्यामुळं त्याला दोषही देता येत नाही. रोज सूक्ष्मदर्शकाशेजारी बसून पोट भरणाऱ्या आम्हा लोकांचा हा मूळपुरुष.

बिशानं शरीरशास्त्राचे आणि शस्त्रक्रियेचे धडे घेतले लिआँ शहरात. लिआँ म्हणजे रेशमाच्या मागांचं गाव. तिथलाच जोसेफ मारी जकार्ड, ज्यानं 1804 मध्ये छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी उठवणारा माग पुढं आणला. सोलापुरी चादरीवरचा मोर ज्या यंत्रामुळं उठतो ते जकार्ड त्याच्याच नावाचं. आमच्याकडं ते नाव इतकं रुळलंय की तो माणूस होता हे कुणाच्या गावीही नसतं. बिशाला ‘विणलेलं’ हा शब्द लिआँच्या गल्ल्यांत सुचला असं म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. ‘तिस्यू’ फ्रान्सभर सगळेच बोलत होते. पण चारही बाजूंनी माग खडखडत असलेल्या गावात तो शरीर चिरायला शिकला, एवढं खरं आहे.

पुढं 1819 मध्ये बॉनच्या माययर नावाच्या प्राध्यापकानं या अभ्यासाला ग्रीक पोशाख चढवला आणि ‘हिस्टोलॉजी’ हा शब्द छापला. जर्मनमध्येही ऊतीला ‘गेवेब’ म्हणतात, म्हणजे विणकामच.

गंमत अशी की हे नाव शास्त्राच्या दृष्टीनं चुकीचं आहे. नाव पडल्यावर वीस वर्षांनी, 1839 मध्ये, थिओडोर श्वाननं दाखवून दिलं की प्राण्यांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं. पेशी विणल्या जात नाहीत. त्या दुभंगतात, एकमेकींना चिकटतात, थरावर थर रचतात. संयोजी ऊतीत कोलॅजनचे तंतू असतात आणि ते काचेवर गुलाबी धाग्यांसारखे पसरलेले दिसतात. पण त्यांत ताणा नाही की बाणा नाही. वडलांना एकदा मी कातडीच्या काचेचा फोटो दाखवला होता. त्यांनी मोबाइल जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाले, “हे विणलेलं नाही. हे कापूस दाबून बसवल्यासारखं आहे, नमद्यागत.” श्वानला जे सांगायला पुस्तक लिहावं लागलं त्यातलं अर्धं त्यांनी फोटो बघून सांगितलं.

तरीही नाव टिकलं आणि आपल्याकडं येताना पुन्हा मागावरूनच आलं. आठवी-नववीच्या विज्ञानात आपण ‘ऊती’ शिकतो: अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती, चेता ऊती. मुलांना वाटतं दुधाला ऊत येतो त्यातला हा ऊत. तो वेगळा. हा संस्कृतातल्या ‘वे’ धातूचा, विणणे या अर्थाचा. त्याचं ‘ऊत’ म्हणजे विणलेलं. ज्यानं कुणी हा प्रतिशब्द ठरवला त्याला हिस्टोसचा अर्थ पक्का ठाऊक होता, आणि त्यानं तो शब्द नुसता उतरवून न घेता आपल्या मागावर पुन्हा विणला. याच धातूचा ‘ओतप्रोत’. आपण ‘आनंदानं ओतप्रोत’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं ओतणं येतं, काठोकाठ भरलेला हंडा येतो. मुळात ओत आणि प्रोत म्हणजे उभे-आडवे विणलेले. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सगळं जर पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? मग वारा कशात, अंतरिक्ष कशात, असं करत ती त्याला इतकं मागं रेटते की शेवटी तो म्हणतो, गार्गी, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. भर सभेत एक बाई जगाचा ताणाबाणा तपासत होती, आणि उत्तर मिळाली ती धमकी. आमच्या बाजूला कापड तपासणाऱ्या बायकांनाही शेठ साधारण असंच बोलतात.

माझ्या ओळखपत्रावर ‘तंत्रज्ञ’ लिहिलंय. ‘तंत्र’ म्हणजेही संस्कृतात माग, मागावर ताणलेले धागे. तेव्हा हिस्टो सोडून दुसऱ्या खात्यात गेले तरी माग काही सुटणार नाही.

आमच्या कामात कापडाचं खरं नातं मात्र दुसरीकडंच आहे: रंगात. शरीराचा तुकडा मेणात बसवून मायक्रोटोमवर कापला की तीन-चार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या तीन-चार हजारांश जाडीची, चकती निघते. ती कोमट पाण्यावर तरंगते, काचेवर उचलून घ्यायची. ती जवळजवळ पारदर्शक असते. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तरी काही कळत नाही. म्हणून रंगवायची, आणि जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा रंग म्हणजे एच अँड ई, हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन. हे दोन्ही मुळात कापडाचे रंग.

हिमॅटॉक्सिलीन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतं. नाव पुन्हा ग्रीक, रक्ताचं लाकूड. स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं आणि तिथले रंगारी त्यानं लोकर नि रेशीम काळं-जांभळं करू लागले. पण नुसता रंग धुण्यात उतरायचा, गिऱ्हाईक फसायचं. इंग्लंडच्या संसदेनं 1581 मध्ये कायदा करून त्यावर बंदी घातली. ती सुमारे ऐंशी वर्षं टिकली. रंग पक्का करायची युक्ती नीट बसली तेव्हा ते लाकूड पुन्हा बाजारात आलं. युक्ती म्हणजे क्षार, आणि त्यातला एक आपल्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात असतो: तुरटी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शरीराच्या चकत्या हिमॅटॉक्सिलीननं रंगवायचा प्रयत्न झाला तो आधी फसला, कारण तोच, रंग धरेना. 1865 मध्ये बोमर नावाच्या जर्मन माणसानं त्यात तुरटी घातली आणि पेशींची केंद्रकं निळीजांभळी उमटली. रंगाऱ्यांना जे शतकांपासून माहीत होतं ते प्रयोगशाळेला तेव्हा कळलं. आजही आमच्या बाटलीत तीच तुरटी आहे. रंग आधी तांबूस चढतो. मग काच वाहत्या नळाखाली धरली की पाण्यातल्या अल्कलीनं तो निळा होतो. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात ‘वाहत्या नळाखाली धरा’ ही सूचना वाचून मला अजून हसू येतं. आम्ही टाकी भरून ठेवतो.

इओसिन 1870 च्या दशकात जर्मनीतल्या रंगांच्या कारखान्यांत तयार झालं, रेशमाला गुलाबी करायला. ‘इऑस’ म्हणजे पहाटेची देवी, आणि आपली उषा तिची सख्खी बहीण. दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळातले. केंद्रकं निळी, बाकी सगळं पहाटेसारखं गुलाबी, अशी काच तयार होते. वडलांच्या एका मित्राचं रंगाईचं घर होतं. तिथल्या हौदांत सुताची लडी बुडवायची, उचलायची, पिळायची, पुढच्या हौदात. आमच्याकडं काचांची जाळी बुडवायची, उचलायची, निथळायची, पुढच्या भांड्यात. विणकामाची उपमा चुकली असेल, रंगकामात उपमा नाहीच, तो धंदाच तो.

फक्त एका ठिकाणी मला काचेत सोलापूर दिसतं. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर रसांकुर असतात, बारीक बोटांसारखे उभे. टर्किश टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम, म्हणजे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एक ताठ, एक सैल. सैल धाग्याचे फास वर उठतात, म्हणून टॉवेल पाणी जास्त पितो. आतडं अन्नरस जास्त पितं तेही याच हिशेबानं, कमी जागेत जास्त पृष्ठभाग.

हिस्टोसचं गोत्र अजून पसरलंय. सर्दी-खाज-पित्त उठलं की आपण मेडिकलवाल्याकडून अँटीहिस्टामिनची गोळी आणतो. हिस्टामिन हे शरीरातल्या बहुतेक ऊतींत सापडणारं रसायन. त्याचं काम 1910 च्या सुमारास हेन्री डेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. ऊतीत सापडणारं अमाइन (नायट्रोजन असलेल्या रसायनांची एक जात), म्हणून हिस्टामिन. म्हणजे ‘मागाचं अमाइन’. (हिस्टरी मात्र यातली नव्हे. ती ‘जाणणारा’ या अर्थाच्या वेगळ्या ग्रीक शब्दावरून आली. दिसायला सारखे म्हणून नातेवाईक समजायचं नाही, हे लग्नाच्या मांडवाइतकंच भाषेतही लागू.)

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती. कापडाच्या नावाचा ग्रीक शब्द वैद्यकात आणखी एक आहे: बिसिनोसिस. ‘बिसोस’ म्हणजे तलम लिनन, जवसाच्या धाग्याचं तलम वस्त्र. 1877 मध्ये आद्रियाँ प्रूस्त या फ्रेंच डॉक्टरनं हा शब्द घडवला, कापसाच्या आणि जवसाच्या धाग्याच्या धुळीनं होणाऱ्या छातीच्या आजारासाठी. त्याच 1877 मध्ये सोलापुरात स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, जिला गाव पुढं जुनी मिल म्हणू लागलं. नाव आणि धूर एकाच वर्षी. गावाला धूर लगेच दिसला, नाव अजूनही फारसं कुणाला ठाऊक नाही.

हा आजार विणकरांपेक्षा सूत काढणाऱ्यांना जास्त गाठतो. गिरणीत कापसाच्या गाठी फोडतात ती ब्लोरूम आणि पुढचं कापूस पिंजायचं कार्डिंग खातं, इथं धूळ सर्वांत दाट. मागावर पोचेपर्यंत सूत बरंच स्वच्छ झालेलं असतं; तिथं फुप्फुसापेक्षा कान आधी जातात, आमच्या गल्लीतली माणसं ओरडून का बोलतात ते बाहेरच्यांना कळत नाही. कापसाच्या धुळीत बोंडाच्या वाळक्या पानांचा चुरा असतो, त्यावर वाढलेल्या जिवाणूंचं विष असतं. ती धूळ फुप्फुसात गेली की तिथल्या ऊतीतून हिस्टामिन सुटतं, असं संशोधकांना प्रयोगात दिसलं होतं, आणि छाती आवळण्याचं ते एक कारण मानलं गेलं. शब्दांचा हा गुंता मला सोडवत नाही: कापडाच्या धंद्यातल्या माणसाच्या छातीत कापसाची धूळ जाते आणि त्याच्या ‘मागा’तून ‘मागाचं अमाइन’ बाहेर पडतं.

आणि हे काचेवर दिसत नाही. म्हणजे, बिसिनोसिस झालेल्या फुप्फुसाचा तुकडा आमच्याकडं आला, आम्ही तो कापला, तुरटीनं पक्का केलेल्या रंगात रंगवला, तरी पॅथॉलॉजिस्टना ‘हा बिसिनोसिस’ म्हणता येईल अशी खास खूण त्यात सापडत नाही. श्लेष्माच्या ग्रंथी फुगलेल्या, श्वासनळीचे स्नायू जाड झालेले. पण जुनाट खोकल्याच्या इतर रोग्यातही तेच असतं. क्षय काचेवर ओळखू येतो, दगडाच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिसच्या गाठी ओळखू येतात, कॅन्सर तर येतोच. मागाचं नाव लावलेल्या शास्त्राला कापसाचा रोग ओळखता येत नाही.

तो ओळखतात प्रश्न विचारून. 1950 च्या दशकात रिचर्ड शिलिंग या ब्रिटिश डॉक्टरनं लँकशायरच्या गिरण्यांतले कामगार तपासले आणि या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. त्याचा मुख्य प्रश्न साधा होता: सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते का? नुसती पहिल्याच दिवशी, की पुढंही? उत्तर ‘पहिल्या दिवशी’ असेल तर आजार सुरुवातीचा. आठवडाभर असेल तर पुढं गेलेला. दमा किंवा विडीचा खोकला असा वार बघून येत नाही. आपल्याकडं कामगारांच्या भरपाईसाठी कायद्यात व्यवसायजन्य रोगांची जी अनुसूची आहे, तीत बिसिनोसिस आहे. पण भरपाई मागायला आधी कुणीतरी तो प्रश्न विचारायला हवा, आणि उत्तर लिहून घ्यायला हवं.

आमच्या शेजारचे मामा एका बंद पडलेल्या गिरणीत ब्लोरूमला होते. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, रागावले की कानडी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो त्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. रथ बघायला ते पूर्वी विजापूर वेशीपर्यंत चालत जायचे, आता ओट्यावरूनच लेझीमचा आवाज ऐकतात. मी शिलिंगचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा विचारला.

“सुट्टीनंतर ना?” मामा म्हणाले. “हा, व्हायचं की. पहिल्या दिवशी छातीवर कुणी गुडघा टेकवल्यागत व्हायचं. ताप आल्यागत. दुसऱ्या दिवशी मोकळं. खात्यातल्या सगळ्यांनाच व्हायचं, त्यात काय विचारायचं?”

“मग कशानं होतंय असं वाटायचं तुम्हाला?”

“घरात राहून. घरची हवा बाधायची आम्हाला. गिरणीत असलो की दोन दिवसांत बरं वाटायचं, म्हणजे गिरणीची हवा मानवत होती बघ. वर मुकादम गूळ पण द्यायचा.” मग त्यांनी आत बघून आवाज दिला, “काय गं, सुट्टीला मी घरी थांबायचो का?”

आतून मामी म्हणाल्या, “कशाला थांबताय! गिरणीच्या फाटकापर्यंत फेरी मारून यायचे. म्हणायचे, जरा हवा खाऊन येतो.”